शैलाचं घाबरणं

तुआसच्या आमच्या प्लांटमध्ये आत जाताना मोबाइल बाहेर लॉकरमध्ये ठेवावा लागतो. त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी लॉकर उघडला, तर स्क्रीनवर एकाच अनोळखी नंबरचे मिस्ड कॉल एकाखाली एक साचलेले. इथे अनोळखी नंबर म्हणजे बहुतेक वेळा फसवणूक, म्हणून मी ते फोन घेत नाही. पण फसवणारा माणूस इतक्या चिकाटीनं फोन करत नाही... मी उभ्या उभ्याच उलटा फोन लावला. पलीकडे हॉस्पिटलमधली एक बाई होती. तिनं अडखळत शैलाचं पूर्ण नाव घेतलं आणि विचारलं, "तुम्ही त्यांच्या कोण?" मी म्हटलं, आम्ही एका घरात राहतो. "नातेवाईक नाही?" नाही. मग तिनं आवाज खाली आणून "तरी या" म्हटलं, आणि त्या दोन शब्दांतच मला काय ते कळलं. टॅम्पिनीसच्या बस इंटरचेंजवर, रांगेत उभी असतानाच शैला कोसळली होती. डोक्यातली रक्तवाहिनी फुटली. हॉस्पिटलात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं.

तुआस आणि टॅम्पिनीस ही या बेटावरच्या मेट्रोच्या, म्हणजे एमआरटीच्या, एकाच लाइनची जवळजवळ दोन टोकं. त्या लांबलचक प्रवासात मला दुःख झालं नाही, भीती वाटली. मिरजेला तिच्या भावाला मी काय सांगणार, माझी सही कुणी मानेल का, पुढे काय करायचं असतं, कुणाला विचारायचं असतं... आणि सगळ्यात विचित्र म्हणजे, हे सगळं ऐकून शैला किती घाबरेल, ही भीती. घरातल्या कुठल्याही वाईट बातमीत माझा पहिला विचार तोच असायचा. तो त्याही दिवशी आला, आणि मग लक्षात आलं की आता तिला सांभाळायची गरज उरलेली नाही. त्यानंतर मात्र मला डब्यात बसवेना.

शैला घाबरट होती. गेलेल्या माणसाबद्दल असं लिहू नये म्हणतात, पण तिनं स्वतःच हसत मान डोलावली असती. रस्ता दोन्ही बाजूंनी मोकळा असला तरी सिग्नलवरचा हिरवा माणूस दिसल्याशिवाय ती पाऊल टाकायची नाही. पासपोर्टची झेरॉक्स पर्समध्ये, फोटो मोबाइलमध्ये, एक प्रत ईमेलमध्ये आणि एक मिरजेला आईच्या कपाटात. एम्प्लॉयमेंट पास, म्हणजे इथे नोकरी करायचा परवाना, रिन्यू व्हायचे दिवस आले की तिला जेवण जायचं नाही. मी वैतागून म्हणायची, "अगं, तू डॉक्टरेट केलेली बाई, तुला कोण उचलून नेणारे?" त्यावर ती म्हणायची, "उचलून नेण्याआधी कुणी सांगत नाही गं." आम्ही दोघी चाळिशीच्या आसपासच्या, दोघीही एकट्या. टॅम्पिनीसमधल्या एका फ्लॅटच्या दोन खोल्या भाड्यानं घेतल्या तेव्हा एकमेकींना ओळखतही नव्हतो. पहिल्याच आठवड्यात तिनं गॅसचं बटण बंद केलंय का ते बघायला मला ऑफिसातून फोन केला होता. मी तेव्हा सुट्टी घेऊन झोपले होते आणि गॅस बंदच होता.

ती इतिहासाची. इथल्या विद्यापीठात पोस्टडॉक म्हणून आली आणि मग लहान लहान करारांवर टिकून राहिली. विषय विचारला की ती आधी समोरच्याचा चेहरा बघायची, सांगावं की नाही म्हणून. फ्रेंच राज्यक्रांतीच्या काळातले मॉरिशसमधले गुलाम. तेव्हा ते बेट फ्रेंचांचं होतं. आफ्रिकेतून आणि मादागास्करमधून माणसं पकडून तिथे नेली जात, हे मला ऐकून माहीत होतं, पण आपल्या हिंदुस्थानच्या किनाऱ्यांवरूनही नेत, हे मला तिच्याकडूनच कळलं. कुठल्याही किनाऱ्यावरची असोत, त्या सगळ्यांना मलबारी हे एकच नाव. पॅरिसमध्ये क्रांती झाली, सगळी माणसं जन्मतः समान ठरली, तेव्हा त्या बेटावरच्या गोऱ्या मळेवाल्यांनीही तिरंगी फिती लावल्या, एकमेकांना 'नागरिक' म्हणून हाका मारायला सुरुवात केली. आणि मग काही वर्षांनी पॅरिसहून दोन अधिकारी गुलामी रद्द झाल्याचा हुकूम घेऊन जहाजातून उतरले. "तर या नागरिकांनी काय करावं?" शैला कणीक मळता मळता मला विचारायची, दर वेळी नव्यानं संतापून. "त्या दोघांना परत जहाजावर चढवलं आणि बेटावरून घालवून दिलं! स्वातंत्र्य बंदरापर्यंत येऊन परत गेलं गं. ज्यांच्यासाठी आलं होतं, ते मळ्यात उसाची पाती सोलत होते."

पण तिचं खरं कुतूहल पळून गेलेल्या गुलामांबद्दल होतं, आणि त्याहून त्यांना दार उघडणाऱ्यांबद्दल. डोंगरात पळालेल्या माणसाला कुणीतरी जेवण दिलं असणार, रात्रभर झोपू दिलं असणार. कायदा असा होता की गोऱ्या माणसानं आसरा दिला तर त्याला दंड. पण आधी गुलाम असलेल्या आणि मग मुक्त झालेल्या माणसानं आसरा दिला आणि त्याला दंड भरता आला नाही, तर तो स्वतःच पुन्हा गुलाम. आणि तरी दार उघडणाऱ्यांत तेच लोक पुन्हा पुन्हा सापडतात, असं ती सांगायची. एकदा मी सहज विचारलं, "तू असतीस तर?" ती पटकन म्हणाली, "मी? मी कडी लावून पलंगाखाली बसले असते." आम्ही दोघी खूप हसलो होतो.

बुकित तिमाहच्या एका कॉन्डोत, म्हणजे महागड्या खाजगी सोसायटीत, पराग आणि केतकी राहतात. ही नावं मी बदलली आहेत. पुण्याची, चांगल्या नोकरीतली, हौशी माणसं. गणपतीत आमची ओळख झाली. त्यांच्या मुलीला, ईशाला, मराठी शिकवायला शैला दर शनिवारी जायची. ईशा शाळेत इंग्रजीतच वाढलेली. शैलानं 'तुझ्या घरी कोण कोण आहे' विचारलं की ती इथल्या बोलीतला 'lah' शेवटी जोडून म्हणायची, "आई, बाबा, मी and Khin lah." खिन ही त्यांची हेल्पर, म्हणजे घरीच राहून काम करणारी, म्यानमारची, तिशीच्या आतली. दिसायला बारीक, कामाला वाघ. केतकी सगळ्यांना सांगायची की आम्ही तिला घरच्यासारखं ठेवतो, आणि ते खोटंही नव्हतं. तिच्या वाढदिवसाला केक आणायचे, जेवण तेच सगळ्यांचं. फक्त तिचा पासपोर्ट परागच्या कपाटात असे, फोन दिवसा केतकीकडे असे, आणि सुट्टीच्या दिवशी ती बाहेर जात नसे. "बाहेर गेल्या की या मुली बिघडतात," केतकी म्हणायची. ईशानं एकदा मध्येच सांगून टाकलं होतं, "मावशी, खिन आंटी cannot go out. She cry in the toilet." शैलानं त्या दिवशी घरी येऊन मला ते सांगितलं. पुढच्या एका शनिवारी खिननं चहा ठेवता ठेवता तिला हळूच विचारलं होतं, "मॅम, तुम्ही कुठे राहता?" शैलानं सांगून टाकलं. ब्लॉक, मजला, सगळं. हे तिनं मला तेव्हा सांगितलं नाही.

मागच्या वर्षीची गोष्ट. रविवारची दुपार होती, आम्ही नुकत्याच जेवून उठलो होतो. बेल वाजली. दारात खिन उभी. पायात घरातल्या रबरी चपला, हातात काही नाही. ईशाला क्लासला सोडण्यासाठी दिलेलं बस-मेट्रोचं कार्ड होतं, तेवढ्यावर ती टॅम्पिनीसपर्यंत आली होती. शैलानं दाराबाहेरचं लोखंडी ग्रिल उघडलं. मी तिच्या मागेच उभी होते, मला तिची मान दिसत होती. मानेवरची शीर उडत होती. खिनला पाणी दिलं, बसवलं. तुटक इंग्रजीत तिनं जे सांगितलं ते एवढंच की तिला परत पाठवायचं ठरलं आहे, तिकीट काढलं आहे, केतकीला तिचं काम आवडत नाही म्हणून. तिकडे सैन्याचं राज्य आहे, लढाई चालू आहे, तिचा भाऊ सैन्याविरुद्ध लढणाऱ्यांबरोबर जंगलात गेला आहे आणि परत गेली तर भावासाठी तिला धरतील, नाहीतर सैन्यात ओढतील. "मॅम, प्लीज, विमान नको," एवढं ती पुन्हा पुन्हा म्हणत राहिली.

मी शैलाला स्वयंपाकघरात ओढलं. आम्ही मराठीत कुजबुजत बोलत होतो, जणू भिंतींना मराठी येत होतं. मी म्हटलं, "तिचं परमिट आजच रद्द केलं असेल तर? मग ती बेकायदेशीर आणि तिला ठेवणाऱ्या आपण गुन्हेगार. तुझा पास जाईल, माझा जाईल." शैला म्हणाली, "माहितीये." मी म्हटलं, "आणि उगाच तुझ्या त्या मॉरिशसशी जुळवू नकोस हे." तेव्हा ती माझ्यावर चिडली. "मी जुळवतच नाहीये! ती गुलाम नाही. तिचा करार आहे, तिला पगार मिळतो, इथे कायदा आहे आणि तो तिच्या बाजूनं असू शकतो. तो शब्द इतका स्वस्त करू नये. पण ती घाबरलेली आहे ना, सुप्रिया... आणि घाबरलेलं माणूस मला ओळखू येतं." तेवढ्यात बाहेर टेबलावर तिचा फोन वाजला. केतकी.

शैलाला फोनवर खोटं बोलता येत नसे, खरंही धड बोलता येत नसे. मला वाटलं ती फोन घेणारच नाही. तिनं घेतला. "शैलाताई, खिन सकाळपासून नाहीये, तुमच्याकडे आली नाही ना?" तो आवाज मलाही ऐकू येत होता. शैलानं डोळे मिटले आणि म्हणाली, "आहे. माझ्याकडेच आहे. ती बरी आहे." मग केतकी हळू आवाजात म्हणाली, "तुम्ही काय करताय हे तुम्हाला कळतंय का? तुम्ही स्वतः पासवर आहात." ती धमकी होती की काळजी, हे मला आजही सांगता येणार नाही. शैलानं फोन ठेवला आणि सोफ्याच्या कडेवर बसली. फोन मांडीवरून घसरून खाली पडला. खिननं तो उचलून दिला.

त्यानंतरचे तास मी विसरू शकत नाही. लिफ्ट थांबल्याचा आवाज आला की आम्ही तिघी बोलायच्या थांबायचो. खाली पार्किंगमध्ये पोलिसांची गाडी दिसली, ती कुणा दुसऱ्यासाठीच आली होती, पण ती जाईपर्यंत मी पडद्याआडून हलले नाही. शैलानं स्वतःचे सगळे कागद एका पिशवीत भरले, काढले, पुन्हा भरले. दिवेलागणीला पराग आला. एकटाच. तो ग्रिलच्या बाहेर, शैला आत, दोन्ही हातांनी गज धरून. मला वाटलं ती त्याला अडवायला तशी उभी आहे. मग दिसलं की ती स्वतःच त्या गजांच्या आधारानं उभी होती. पराग ओरडला नाही. त्याच्या कपाळावर घाम होता. "शैलाताई, ती पळाली म्हणून नोंद झाली तर सरकारकडे ठेवलेला आमचा अनामतीचा बाँड जाईल. ऑफिसात कळलं तर माझं काय होईल? आम्ही काय तिला मारलं? केतकी रडतेय घरी." त्या क्षणी मला कळलं की तोही घाबरला आहे. या बेटावर आम्ही सगळे कुणाच्या ना कुणाच्या सहीवर उभे, आणि प्रत्येकाला खालच्याची भीती आणि वरच्याचीही.

शैला म्हणाली, "पराग, उद्या सकाळी मी तिला मनुष्यबळ मंत्रालयात घेऊन जाणार आहे. लपवून ठेवणार नाही. तुम्हीही या. पासपोर्ट घेऊन या." तो म्हणाला, "आणि नाही आलो तर?" ती म्हणाली, "तर मी त्यांना सांगेन की मी तुम्हाला बोलावलं होतं." यात काही करारीपणा नव्हता. आवाज इतका बारीक होता की त्याला दोनदा 'काय?' विचारावं लागलं, आणि तिला ते दोनदा म्हणावं लागलं.

रात्र कशी गेली ते लिहीत नाही. सकाळी आम्ही तिघी निघालो. प्लॅटफॉर्मवर शैलाला उलटी झाली, स्टेशनवरच्या माणसानं कागदी रुमाल आणून दिले. मंत्रालयातली अधिकारी एक शांत मलय बाई होती. तिनं खिनचं सगळं ऐकून घेतलं, मग शैलाकडे वळून विचारलं, "तुमचं हिच्याशी नातं काय?" शैलानं पास, विद्यापीठाचं कार्ड, पासपोर्ट असं सगळं टेबलावर ओळीनं मांडलं होतं, जणू आपणच आरोपी आहोत. ती म्हणाली, "नातं काही नाही. ती माझ्या दाराशी आली." बाईनं एकदा तिच्याकडे बघितलं आणि तिचे सगळे कागद नीट गोळा करून परत तिच्या हातात दिले. "यांची गरज नाही," ती म्हणाली. अर्ध्या तासानं पराग आला. पासपोर्ट त्यानं कुणी मागायच्या आधीच काढून ठेवला.

पुढचं थोडक्यात. खिनला एका आश्रयगृहात ठेवलं, चौकशी झाली, आणि काही महिन्यांनी तिला मालक बदलायची परवानगी मिळाली. आता ती एका वयस्कर चिनी बाईंकडे असते, त्यांना बागेत फिरवून आणते. पराग आणि केतकीवर मोठं काही ओढवलं नाही. ओढवलं ते वेगळंच. त्या वर्षी गणपतीचं आमंत्रण आम्हाला आलं नाही. ओळखीच्या एक काकू हॉकर सेंटरमध्ये, इथल्या खाण्याच्या गाळ्यांच्या बाजारात, समोरून येत होत्या, त्या वळून दुसऱ्या रांगेत गेल्या. ईशाचं मराठी थांबलं, आणि याचं शैलाला सगळ्यात वाईट वाटलं. ती म्हणायची, "जोडाक्षरांपर्यंत आली होती गं." पास रिन्यू व्हायची वेळ आली तेव्हा तिनं ठरवूनच टाकलं होतं की आता नाही होणार, पुस्तकं खोक्यात भरली, आईला 'मी कदाचित येईन' असं सांगून ठेवलं. पास रिन्यू झाला. काही विचारलं नाही, काही बोललं नाही कुणी. मी पेढे आणले. ती म्हणाली, "या वेळी लक्षात आलं नसेल त्यांच्या." तिनं खोकी उघडलीच नाहीत. भीती गेली नाही तिची, एक दिवसही नाही. धाडस केलं की माणूस निर्भय होतो असं आपण वाचतो. मी जवळून बघितलं, तसं होत नाही.

डॉक्टर म्हणाले, ती रक्तवाहिनी जन्मापासूनच कच्ची असणार, त्या धास्तीचा याच्याशी संबंध नाही. मी मान डोलावली. पण भीतीनंच तिला आतून पोखरलं असेल, असं मला राहून राहून वाटतं, आणि तसं वाटलं की खिनचाही राग येतो, मग स्वतःची लाज वाटते... मिरजेहून तिचा भाऊ आला. इथलं स्मशान ज्या भागात आहे त्याचं नाव मंडाई, ते ऐकून इतक्या दुःखातही त्याच्या तोंडून निघून गेलं, "मंडईत?" शेवटच्या रांगेत केतकी उभी होती, ईशाचा हात धरून. ती पुढे आली नाही, पण शेवटपर्यंत थांबली.

गेल्या आठवड्यात खिन सुट्टीच्या दिवशी आली. तिला बातमी उशिरा कळली. ती शैलाच्या खोलीत जाऊन जमिनीवर बसली, पलंगाला पाठ टेकून. मी तिच्यासमोर बसले. मी विचारलं, "त्या दिवशी तुला खूप भीती वाटली असेल ना?" तिनं विचार केला आणि तिच्या इंग्रजीत जे सांगितलं ते असं : "आधी खूप. मग मॅमनं माझा हात धरला. मॅमचा हात माझ्यापेक्षा जास्त हलत होता. मला वाटलं, हिला माझ्याहून जास्त भीती वाटते, तरी ही दार लावत नाही... मग मी थांबले घाबरायची. दोघींनी घाबरून कसं चालेल?"

त्या रविवारनंतर शैलाला एक सवय लागली होती. इथल्या फ्लॅटना बाहेर लोखंडी ग्रिल आणि आत लाकडी दार असतं. रविवारी दुपारी ती लाकडी दार सताड उघडं ठेवायची, फक्त ग्रिल लावलेलं, आणि दाराकडे तोंड करून वाचत बसायची. व्हरांड्यात पावलं वाजली की दचकायची. मी म्हणायची, इतकी दचकतेस तर लाव ना दार. ती मान हलवायची, पान उलटायची. आता रविवारी ते दार मी उघडते. तिच्या खुर्चीत नाही बसवत अजून, बाजूला मोढा घेऊन बसते. व्हरांड्यातून कुणीतरी येत असतं, चपलांचा आवाज जवळ येतो, माझ्या छातीत धडधडायला लागतं. कोण असेल, काय मागेल, मला जमेल का... पावलं पुढे निघून जातात. दार लावायला मी उठत नाही.